सर्वजण जमिनीवर सुखरूप

पलीकडच्या देशाने रेडिओचे नियम बदलले, तेव्हा अलीकडच्या धक्क्यावर आधी सगळे हसले. इथल्या बोटवाल्यांचा रेडिओ म्हणजे भर समुद्रातला चव्हाटा. कुणाची सासू आजारी आहे, कुणाचं इंजिन खोकतंय, मासे कुठे लागले आणि ते कुणी लपवून ठेवले, सगळं एकाच चॅनलवर, एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवून चालायचं. आता म्हणे पलीकडच्या पाण्यात शिरायचं तर प्रत्येक बोटीवर नवा सेट हवा, सेटमध्ये बोटीचा स्वतःचा नंबर हवा आणि सेटसमोर बसणाऱ्याने त्यांच्या भाषेत तोंडी परीक्षा दिलेली हवी.

"म्हणजे आता बुडायचं तेही त्यांच्या व्याकरणात!" धक्क्यावरचा एक म्हातारा म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले.

हसू फार टिकलं नाही. मासे पलीकडच्या पाण्यात आणि गिऱ्हाईकही पलीकडचंच. नाक दाबलं की तोंड उघडतं, तशी सगळ्यांनी तोंडं उघडून ती भाषा घोकायला सुरुवात केली. सगळ्यांच्या आधी कप्तानाने.

कप्तान हे त्याचं नाव नव्हे, पण इतकी वर्षं सगळे त्याला तेच म्हणत आले होते की त्याची बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे कप्तान" म्हणायची. बाप लवकर गेला, धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. कप्तानाने बापाची जुनी बोट मोडून नवी बांधली, तिला आईचं नाव दिलं आणि त्याच बोटीवर धाकट्याला हाताला धरून समुद्र शिकवला. वारा कसा वास घेऊन ओळखायचा, पाण्याखालचा खडकांचा कणा कुठून कुठे जातो, जाळं कधी सोडायचं आणि हाव कधी. पुढे धाकट्याने आपली वेगळी बोट केली, तेव्हाही कप्तानाने तक्रार केली नाही. शिकवलेलं पोर स्वतःच्या पायावर उभं राहिलं, याचा त्याला अभिमानच होता. पोर आपल्या खांद्याला लागेपर्यंत अभिमान सोपा असतो.

नवा सेट धक्क्यावर पहिल्यांदा कप्तानाने बसवून घेतला. त्याच्या कोपऱ्यात झाकणाखाली एक लाल बटण होतं. जीव धोक्यात आला की झाकण उघडायचं आणि बटण दाबून धरायचं. बोटीचा नंबर पलीकडच्या केंद्रात पोचतो, नंबरावरून त्यांना बोटीचं आणि मालकाचं नाव कळतं. शिवाय मालकाचा फोन वाजवून ते खात्रीही करून घेतात. रेडिओवाल्याने हे समजावून सांगितलं तेव्हा कप्तान नुसता मान हलवत होता. त्याचं लक्ष सेटच्या छोट्या पडद्यावर होतं. तिथे आईचं नाव उमटलं होतं.

मग परीक्षा आली. पलीकडच्या बंदरात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल, भिंतीला नकाशा आणि टेबलामागे चष्मेवाली परीक्षक बाई. बाई काही वाईट नव्हती. तिने हसून पहिला प्रश्न विचारला: तुमची बोट बुडते आहे, रेडिओवर काय बोलाल?

कप्तानाला उत्तर पाठ होतं. पण आयुष्यात त्याने कधी कुणाकडे मदत मागितली नव्हती, आणि आता कोरड्या खोलीत, परक्या बाईसमोर, परक्या भाषेत ती मागायची होती. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तो आपल्या भाषेत म्हणाला, "बाई, मी मुळात बुडणारच नाही."

बाईला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी गुण मिळाले नसते. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. धाकटा मात्र पहिल्याच फटक्यात पास झाला, आणि येताना त्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारून आला.

कप्तानाची बोट ओढून अंगणात आणली आणि लाकडी ठोकळ्यांवर उभी केली. हंगाम तोंडावर होता. लोक त्याला अजूनही कप्तान म्हणत, पण आता म्हणताना ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी असायचं. एकटा लंबू सोडून. लंबू म्हणजे धाकट्याचा मेहुणा, त्याच्या बोटीवर काम करणारा ताडमाड पोरगा. तो रोज सकाळी धक्क्यावर जाताना अंगणाच्या फाटकाशी थांबायचा आणि मनापासून विचारायचा, "दादा, आज वारा काय म्हणतोय?" आणि कप्तान मनापासून सांगायचा.

धाकट्याच्या बोटीवर सेट जुनाच होता. नव्या सेटसाठी रांग लागली होती आणि रांग हंगामाहून लांब होती. इकडे कप्तानाचा नवाकोरा सेट अंगणातल्या बोटीत धूळ खात होता. धाकटा मागायला आला तो थेट नाही, वहिनीच्या आडून. ती म्हणाली, "अहो, पडून आहे तो देऊन टाका की. परकं कोण आहे?"

"सेट ने," कप्तान म्हणाला. "नंबर मिळणार नाही."

रेडिओवाला सेट काढायला आला होता, त्याने कपाळाला हात लावला. "दादा, नंबर सेटच्या पोटातच असतो. तुम्ही पलीकडच्या खिडकीवर एकदा जाऊन नंबर सोडतो म्हणून सांगा, मग मी यांच्या बोटीचा घालतो. तोवर या सेटवरून काहीही गेलं तरी ते तुमच्याच बोटीचं समजणार. आणि जागा सांगणारी वायरही मला जोडता यायची नाही. नंबर एकाचा, बोट दुसऱ्याची, माझाच परवाना जायचा."

"नंबर आईच्या बोटीचा आहे. तो इथेच राहील."

"दादा, माझीही आईच होती ना ती?" धाकटा हसत म्हणाला.

तो हसला नसता तर कदाचित कप्तान गेलाही असता खिडकीवर. पण धाकट्याची ही खोड होती, कठीण बोलताना हसायचं. आणि कप्तानाची खोड अशी, की हसणारा प्रत्येक माणूस त्याला त्या दिवसांत आपल्यालाच हसतोय असं वाटे. नंबर सोडायचा म्हणजे आईची बोट आता बोट नाही, लाकूड आहे, हे खिडकीतल्या कारकुनासमोर कबूल करायचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून धुमसत होता.

"बघू सवडीने," तो म्हणाला. धाकट्यालाही घाई होती ती समुद्राची, खिडकीची नव्हे. सेट तसाच गेला.

पहिला घोळ झाला तो धक्क्यावरच. लंबू सेट पुसत होता, झाकण उघडं राहिलं होतं, फडक्यासकट अंगठा बटणावर दाबला गेला. कप्तान तेव्हा चारचौघांत बसून कुणाचं तरी जाळं विणत होता. त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज भराभर काहीतरी विचारू लागला आणि त्या घरंगळत्या शब्दांत कप्तानाला एकच शब्द लख्ख ऐकू आला, आईचं नाव. तो उठून उभा राहिला. "हो," म्हणाला. मग "नाही," म्हणाला. मग पुन्हा "हो." कानशिलांवरून घाम ओघळत होता. तेवढ्यात धाकटा बोटीवरून उडी मारून आला, त्याने भावाच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, चार वाक्यं सफाईने बोलला, वर त्या माणसाशी खळखळून हसलासुद्धा.

"कप्तान, परीक्षा घरपोच आली की!" जाळंवाला म्हणाला.

सगळा धक्का हसला. धाकटाही हसला, आणि तेवढंच कप्तानाच्या लक्षात राहिलं.

त्या दिवसापासून तो रोज अंगणातल्या बोटीत जाऊन बसू लागला. सेट होता तिथे आता चार स्क्रूंची भोकं उरली होती. त्या भोकांसमोर बसून, हातात लाकडाचा ठोकळा तोंडापाशी धरून, तो बोलायचा. चुकून गेलेला इशारा रद्द कसा करायचा, याची वाक्यं परीक्षेच्या पुस्तकात होती. ती त्याने घासूनपुसून लख्ख केली. आपलं नाव, बोटीचं नाव, इशारा चुकून गेला, रद्द करावा, बोट जमिनीवर आहे, सर्वजण जमिनीवर सुखरूप. बायकोला वाटलं, हे तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार. तिला बरं वाटलं. खरं तर त्याला पुढच्या खेपेस फोन हातातून काढून घेऊ द्यायचा नव्हता, बस्स.

पुढची खेप आली ती एका ढगाळ सकाळी. जेवणाआधीची वेळ, बायको मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. फोन वाजला. तोच परका आवाज, तेच आईचं नाव. तुमच्या बोटीकडून धोक्याचा इशारा आला आहे, जागा कळत नाही, आवाजी उत्तरही नाही. तुम्ही कुठे आहात?

आता हे सांगितलंच पाहिजे, की त्या क्षणी कप्तानाला सगळं ठाऊक होतं. सेट कुठे आहे ते, धाकटा पहाटेच बाहेर पडलाय तेही. त्याच्या मनात आलंही, की एकदा धाकट्याला विचारावं. पण त्याच्या मागोमाग दुसरे विचार आले आणि ते जास्त चपळ निघाले. पुन्हा अंगठा लागला असणार त्या लंबूचा. खरं सांगितलं तर सेट दुसऱ्याला दिल्याचा गुन्हा, नंबर जाणार, आईचं नाव त्यांच्या यादीतून खोडलं जाणार. आणि सगळ्यांच्या पुढे धावत आली ती वाक्यं. इतके दिवस घोकलेली, तोंडाशी येऊन उभी राहिलेली.

तो ताठ उभा राहिला आणि बोलला. आपलं नाव. बोटीचं नाव. इशारा चुकून गेला, रद्द करावा. बोट जमिनीवर आहे. खिडकीतून ती त्याला दिसतही होती, ठोकळ्यांवर, खोटं काय होतं त्यात?

"माणसं?" पलीकडच्याने विचारलं.

"सर्वजण जमिनीवर सुखरूप."

"रेडिओ सेट बोटीवरच आहे?"

"बोटीवरच आहे," कप्तान म्हणाला. कुठल्या बोटीवर, ते पलीकडच्याने विचारलं नव्हतं.

मग तो आवाज म्हणाला, "स्पष्ट माहितीबद्दल आभारी आहोत, कप्तान."

कप्तान! आणि ओठाच्या कोपऱ्यात काहीही न ठेवता.

तो मागच्या दारी गेला. "फोन होता केंद्राचा," बायकोला म्हणाला. "बोललो मी. एक शब्द अडला नाही." ती पिळलेला कपडा हातात तसाच धरून हसली, कारण कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा असा दिसला नव्हता. काय बोलणं झालं ते तिने विचारलं नाही. तो पोटभर जेवला, वाढून घेऊन जेवला. मग आडवा झाला, आणि बोट जमिनीवर आल्यापासून त्याला अशी गाढ झोप लागली नव्हती.

जाग आली ती बायकांच्या आवाजाने. दारात धाकटी उभी होती, धाकट्याची बायको, ओल्या हातांनीच आलेली. "दादा, यांचा फोन लागत नाहीये. बाकीच्या बोटी कधीच परत आल्यात. सकाळपासून यांना कुणी पाहिलं नाही म्हणतात."

"येईल. मासे लागले असतील," कप्तान म्हणाला, पण पाय खाली टेकवताना त्याला जमीन सापडेना.

बायकोने एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "अहो," ती हळूच म्हणाली, "मघाचा तो फोन कशाबद्दल होता? सेट तर भावजींकडे आहे ना?"

कप्तान फोन शोधू लागला, फोन हातातच होता. केंद्राला लावला. तोच आवाज आला, ओळखीचा, आदराचा. कप्तानाने तोंड उघडलं. आपलं नाव सांगितलं. बोटीचं नाव सांगितलं. आणि पुढे काही नाही. चुकून गेलेला इशारा रद्द करायची वाक्यं पुस्तकात होती. रद्द केलेला इशारा खरा होता, मी खोटा होतो, हे सांगायचं वाक्य पुस्तकात कुणी घातलं नव्हतं. "इशारा," तो म्हणाला. "इशारा रद्द." मग "नाही." मग पुन्हा सवयीने जिभेवर तेच आलं, "सर्वजण जमिनीवर—" आणि त्याने स्वतःचंच तोंड हाताने दाबलं.

"आभारी आहोत, कप्तान," पलीकडचा म्हणाला. "नोंद आहे आमच्याकडे."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. तिला ती भाषा येत नव्हती, पण माणसाचा चेहरा वाचायला भाषा लागत नाही.

कप्तान अनवाणी धक्क्यावर धावला आणि फोन रेडिओवाल्याच्या हातात कोंबला. धापा टाकत त्याला सांगितलं, चारचौघांत, सगळं. या खेपेस कुणी हसलं नाही. रेडिओवाला केंद्राशी बोलला, बोलताना त्याने कप्तानाकडे एकदाही पाहिलं नाही. केंद्राने विचारलं, शोधायचं कुठे? ते मात्र कप्तानाला ठाऊक होतं. वाऱ्याची दिशा बघून धाकटा खडकांच्या कण्याच्या कुठल्या टोकाला गेला असेल, ते त्यानेच तर शिकवलं होतं. जाळंवाल्याने आपली बोट सोडली आणि कप्तानाला वर ओढून घेतलं. पलीकडूनही बोट निघाली. दोन्ही बोटी कप्तानाने सांगितलेल्याच जागी पोचल्या. बैल गेला नि झोपा केला.

धाकटा सापडला. मासळीच्या दोन रिकाम्या खोक्यांना दोरीने स्वतःला बांधून घेतलेला, ओठ काळेनिळे, डोळे उघडे. दोरीचं दुसरं टोक पाण्यात मोकळं हलत होतं. लंबू सापडला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

धाकटी माहेरी गेली. आता ते घर आई, बाप आणि लंबूचे लांबलचक कपडे एवढंच होतं. रेडिओवाल्याचा परवाना गेला, वायर न जोडूनही गेला. कप्तानाच्या नंबराचं काय झालं ते त्याने विचारलं नाही. धक्क्यावर आता त्याला कुणी कप्तान म्हणत नव्हतं, कुणी काहीच म्हणत नव्हतं. रोज सकाळी तो फाटकाकडे पाठ करून बसायचा.

धाकटा इस्पितळातून सुटून आला तो थेट भावाच्या अंगणात. कप्तानाची बायको खुर्ची आणायला आत वळली, तिला म्हणाला, "नको वहिनी, बसायला नाही आलो." तो ठोकळ्यांवरच्या बोटीला टेकून उभा राहिला. हसत नव्हता. कठीण बोलताना हसायची त्याची खोड गेली होती.

"तळाची फळी गेली," तो सांगू लागला, जसं काही कुणी विचारलं होतं. "पाणी आधी बॅटरीपाशी आलं. बटण दाबलं तेवढं गेलं, त्यानंतर बोलायला जोर उरला नाही सेटमध्ये. पण ऐकू येत होतं. अगदी स्वच्छ."

कप्तान मान खाली घालून उभा होता.

"केंद्राने सगळ्या बोटींना कळवलं. आईचं नाव घेतलं. इशारा रद्द, बोट जमिनीवर, सर्वजण जमिनीवर सुखरूप, मालकाने स्वतः खात्री दिली आहे. तुझीच वाक्यं होती, मला ओळखता आली. एक चूक नव्हती त्यात, दादा. पास झाला असतास."

"मला वाटलं, लंबूचा अंगठा..." कप्तान म्हणाला, आणि पुढचं त्यालाच ऐकवेना.

"लंबूला कुठे ती भाषा येत होती," धाकटा म्हणाला. "कमरेपर्यंत पाण्यात उभा होता तो. आईचं नाव तेवढं कळलं त्याला. केवढा खूश झाला! माझा दंड धरून म्हणाला, आपलं नाव घेतलं ना? येतायत ना?"

बोटीच्या अंगावरचा रंगाचा एक पोपडा त्याने नखाने काढला.

"मी म्हटलं, हो. येतायत. दादाशी बोलणं झालंय त्यांचं."

मग तो फाटक ओढून घेऊन निघून गेला.